शेवटची बस आणि फातोर्ड्याच्या मोकळ्या खुर्च्या

गोवेकराचे फुटबॉलप्रेम आटले असे जो म्हणतो, तो बहुधा रविवारी दुपारी चार वाजता एखाद्या गावच्या मैदानाकडे फिरकलेला नसतो. वाड्यावाड्यांतल्या स्पर्धेचा साधा उपान्त्य सामना असला तरी रेषेला चिकटून माणसे उभी असतात, कुंपणावर पोरे चढलेली असतात, रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसूनच बघणारे वेगळे. त्याच दिवशी साडेसातला मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवा या व्यावसायिक क्लबचा सामना असतो आणि टीव्हीवर मोकळ्या खुर्च्यांच्या रांगा दिसतात. दुसऱ्या दिवशी तिंट्यावर, म्हणजे नाक्यावर, ठरलेली चर्चा सुरू होते. संघात दम नाही, तिकीट महाग, पोरे मोबाइलात बुडाली, क्रिकेटने सगळे खाल्ले.

या प्रत्येक कारणात चिमूटभर तथ्य आहे. पण खुर्च्या मोकळ्या राहण्याचे मोठे कारण मैदानाबाहेर आहे. सामना संपल्यावर घरी कसे जायचे, हा प्रश्न गोव्यातल्या निम्म्याहून अधिक तालुक्यांसाठी कोणी सोडवलेला नाही. आणि तो सोडवावा असे कोणाला वाटले नाही, कारण तिकीट विकणे हा धंदा गोव्याच्या फुटबॉलने कधी शिकलाच नाही.

आधी आकडे पाहू. फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मैदानात सुमारे १९ हजार माणसे बसतात. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. म्हणजे एक सामना भरायला राज्याच्या लोकसंख्येतला १.३ टक्का माणूस एका संध्याकाळी एका जागी आला पाहिजे. बृहन्मुंबईला हेच प्रमाण लावले तर एका सामन्याला एक लाख साठ हजार माणसे जमवावी लागतील. मुंबईत एवढे मोठे मैदानच नाही. मैदान मडगावच्या सासष्टी तालुक्यात आहे, तेव्हा सासष्टीकरांनीच ते भरावे असे कोणी म्हणेल. सासष्टीची लोकसंख्या तीन लाखांच्या आत. पाळण्यातल्या पोरापासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत दर पंधरांमागे एकाने दर सामन्याला यायचे, तेव्हा कुठे मैदान भरेल. हे होणार नाही. म्हणून बार्देश, पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण इथून माणूस आल्याशिवाय फातोर्डा भरणे शक्य नाही.

दुसरा आकडा सहसा कोणी मांडत नाही. २०१४ साली इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा आठ संघ होते आणि प्रत्येकाला घरच्या मैदानावर साखळीतले सात सामने मिळत. ऑक्टोबर ते डिसेंबर, अडीच महिन्यांत खेळ खलास. ब्राझीलचा झिको प्रशिक्षक, नवा क्लब, नवे कौतुक. प्रत्येक सामना म्हणजे छोटे फेस्तच. २०२४-२५ च्या हंगामात संघ तेरा झाले आणि घरचे सामने बारा. सात सामन्यांच्या एक लाख तेहेतीस हजार खुर्च्या होत्या, बाराच्या दोन लाख अठ्ठावीस हजार झाल्या. माल जवळजवळ पावणेदोन पट झाला, गिऱ्हाईक तेवढेच राहिले. "पूर्वी भरायचे, आता भरत नाही" या तक्रारीतला बराचसा भाग इथेच संपतो.

जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनाही एक आठवण द्यायला हवी. २००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात हंगाम देशाचे विजेतेपद गोव्यातच राहिले. धेंपोने ते चारदा घेतले, चर्चिल ब्रदर्सने दोनदा, साळगावकरने एकदा. बंगाल बघत बसला होता. पण त्या काळातही फातोर्ड्यावरच्या राष्ट्रीय लीगच्या बहुतेक सामन्यांना गर्दी विरळच असे. विजेता संघ, ओळखीचे गोमंतकीय खेळाडू, तिकीट नाममात्र, आणि तरी खुर्च्या मोकळ्या. तेव्हा "संघ जिंकू दे, लोक येतील" हे अर्धेच खरे.

असे का, याचे उत्तर क्लबांच्या जमाखर्चात आहे. धेंपो, साळगावकर, सेझा हे क्लब खाण कंपन्यांच्या पैशावर उभे होते. खनिज जहाजात चढत होते तोवर खेळाडूंचा पगार निघत होता. फाटकावर दोनशे रुपये जमा झाले की वीस हजार, याने मालकाची झोप उडत नव्हती. परदेशात गावोगावचे क्लब गेटच्या पैशावर जगत आले. त्यांच्या कार्यालयात मैदान कसे भरायचे याचा हिशोब करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. आपल्याकडे प्रशिक्षक तयार झाले, गोलरक्षक तयार झाले, ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा भारताचा कर्णधार तयार झाला. तिकिटे खपवणारा माणूस तयार झाला नाही. त्याची गरजच पडली नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा या तिघांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले, आणि जवळजवळ सारा भार एफसी गोवा या नव्या क्लबवर आला. त्या क्लबला खेळाचा वारसा आयता मिळाला. तिकीट-विक्रीचा वारसा द्यायला कोणाकडे नव्हताच.

यात गोव्याच्या दोन भागांतला एक फरक मिसळतो. उत्तरेकडच्या आणि फोंडा-सत्तरीच्या हिंदू वस्तीत करमणूक ही मुळात फुकट असते. जत्रेतले नाटक, दशावतारी काला, भजनी स्पर्धा, शिगम्याचा रोमटामेळ, सगळे देवस्थानच्या किंवा वाड्याच्या वर्गणीतून होते आणि मांडवात कोणीही जाऊन बसतो. खुर्चीसाठी तिकीट काढायची सवय नाही. सासष्टीत मात्र तियात्राने, म्हणजे कोंकणी नाटकाने, ती सवय शंभर वर्षांपूर्वीच लावली. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून तो तिकिटावर चालत आला आहे. आज फातोर्ड्यातच असलेल्या रवींद्र भवनात तियात्राचे प्रयोग गर्दी खेचतात, मैदानापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे डिचोली-पेडण्यात सामन्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "पास मिळतलो?"

या पासाने फार नुकसान केले आहे. फुकट पास खिशात असलेल्या माणसाला न येण्याचे काहीच मोल पडत नाही. पावसाची सर आली, पाहुणे आले, कंटाळा आला, तो घरी राहतो. दोनशे रुपये मोजलेला माणूस छत्री घेऊन येतो. प्रायोजकांना, सरकारी खात्यांना, ओळखीच्यांना गठ्ठ्याने पास गेले की कागदावर ब्लॉक भरलेला असतो आणि प्रत्यक्षात मोकळा. शिवाय शेजाऱ्याला फुकट मिळते हे कळले की पैसे देणारा स्वतःला मूर्ख समजू लागतो. पुढच्या वेळी तोही पासाची वाट बघतो. पाहुण्यांना पास जरूर द्यावेत, पण मोजके, नावानिशी, आणि सलग दोन सामने जो आला नाही त्याचा तिसरा पास बंद.

आता मुख्य गोष्ट. डिचोलीत दुकानावर किंवा कारखान्यात काम करणारा माणूस धरा. साडेपाचला सुटतो. बसने जायचे तर डिचोली-पणजी एक, पणजी-मडगाव दुसरी. दोन्ही बसेस वेळेवर मिळाल्या तरी पावणेआठ होतात, म्हणजे सामन्याची पहिली पंधरा मिनिटे गेली. म्हणून तो दुचाकी काढतो. फोंडा, बोरीचा पूल, मग मडगाव, पन्नास-एक किलोमीटर. साडेसातचा सामना नऊ-वीसच्या सुमारास संपतो. गर्दीतून बाहेर पडून गाडी काढेपर्यंत पावणेदहा. थंडीच्या दिवसांत, अंधारात, रस्त्यावर बसलेली गुरे चुकवत तो सव्वाअकराला घरी. दुसऱ्या दिवशी साडेसातला पाळी. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरला दोन लिटर पेट्रोल, साधारण दोनशे रुपये. मैदानावर खाणेपिणे आले. बायको आणि दोन मुले बरोबर असतील तर मोटार लागते, म्हणजे सात लिटर. तिकीट समजा दोनशेचे असले, तरी या साऱ्या हिशोबात तो सगळ्यांत मोठा खर्च नाही. सगळ्यांत मोठा खर्च म्हणजे सहा तास आणि रात्रीचा रस्ता.

म्हणून "तिकीट स्वस्त करा" ही मागणी चुकीच्या जागी बोट ठेवते. तिकीट दोनशेवरून शंभरावर आणले तर फातोर्डा, नावेली, बाणावली इथला माणूस खूश होईल. तो तसाही चालत किंवा दहा मिनिटांत येणारा. डिचोलीकराचे त्याने काही सुटत नाही.

दुचाकी नसलेल्याचे तर विचारूच नका. गोव्यातली बससेवा तिन्हीसांजेनंतर आटत जाते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. खासगी बसवाल्याला रात्रीची रिकामी फेरी परवडत नाही, सरकारी कदंबच्या फेऱ्याही तुरळक होतात. मडगावचे कदंब बसस्थानक मैदानापासून चालत जाण्याइतके जवळ आहे, इतकी सोयीची जागा फार थोड्या मैदानांना लाभते. पण साडेनऊला तिथे पोचलेल्या माणसाला पेडण्याची, वाळपईची, काणकोणची बस नसते. पायलट, म्हणजे भाड्याचा दुचाकीवाला, मिळाला तरी तो गावापुरता. साठ किलोमीटर कोण नेणार? कॉलेजातला पोरगा, जो खरे तर दहा वर्षे टिकणारा प्रेक्षक, तो इथेच गळतो. मुलगी असेल तर घरचे विचारूच देत नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यावर हैदराबाद आणि केरळा ब्लास्टर्स यांच्यात अंतिम सामना झाला. सातशेहून अधिक किलोमीटरवरून केरळचे लोक रेल्वेने, बसने, दुचाकीवर आले आणि मैदान पिवळे करून टाकले. त्यांना अंतर आडवे आले नाही, मग पेडणेकराला साठ किलोमीटरचे काय कौतुक? एक तर तो रविवार होता आणि वर्षातून एकदाच येणारा दिवस. माणूस लग्नाला पाचशे किलोमीटर जातो म्हणून तो रोज पाचशे किलोमीटर नोकरीला जाणार नाही. दुसरे म्हणजे बरेचसे लोक टोळीने आले. गाडी ठरवणारा, वर्गणी काढणारा, जेवण बघणारा प्रत्येक गावात कोणीतरी होता. आणि तिसरी गोष्ट कडू आहे. त्याच दिवशी दुचाकीवरून गोव्याकडे निघालेले दोन समर्थक कासरगोडजवळ अपघातात गेले. रात्रीच्या रस्त्याची भीती बाळगणारे आईबाप उगाच भित्रे नसतात.

साडेसातची वेळ लीग आणि वाहिनी मिळून ठरवतात, क्लब नाही. देशभरचा माणूस कामावरून घरी येऊन टीव्हीसमोर बसतो ती ही वेळ, आणि प्रसारणाच्या पैशावर लीग चालते म्हटल्यावर वाहिनीचा शब्द चालणारच. पण शनिवारी या वेळेचे आणखी एक दुखणे आहे. हिवाळ्यात इंग्लंडमध्ये दुपारी तीनला सुरू होणारे सामने आपल्याकडे रात्री साडेआठला लागतात. मडगाव-म्हापशाच्या तावेर्नात, म्हणजे बारमध्ये, बसलेल्या पोराला मग एकाच वेळी दोन फुटबॉल मिळतात. एक समोरच्या पडद्यावर, आरामात; दुसरा मैदानावर, पार्किंग शोधून. त्याने पडदा निवडला तर त्याला देशद्रोही ठरवण्यात अर्थ नाही.

सामने पाच वाजताही होतात, आयएसएलने ती वेळ वापरलेली आहे. रविवारी पाचला सुरू झालेला सामना सात वाजायच्या आत संपतो. बसेस चालू असतात, पोरे नऊला घरी, सोमवारची शाळा बुडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पाचचे ऊन सोसण्यासारखे असते. मार्चमध्ये दमट हवेत खेळाडू कुरकुरतील, तेव्हा मार्चचे सामने रात्री ठेवावेत. क्लबने लीगकडे सरसकट "वेळ बदला" अशी ओरड करून उपयोग नाही. हंगामाआधी चार ठरावीक रविवार लेखी मागावेत, आणि मागताना गोव्याची दिनदर्शिका हातात धरावी. नोव्हेंबर अखेरीस पणजीत चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, मग नाताळ, पौषात म्हापशाच्या बोडगेश्वराची आणि फातर्प्याची जत्रा, पुढे कार्निव्हल आणि शिगमो. मधल्या वेळात लग्ने. बोडगेश्वराच्या जत्रेच्या रात्री बार्देशातला माणूस फातोर्ड्याला येणार नाही हे सांगायला बाजार-सर्वेक्षण लागत नाही, कालनिर्णय पुरते. पण वेळापत्रक बनवणाऱ्याच्या टेबलावर ते असेल असे समजायचे कारण नाही, तेव्हा इथून पाठवावे.

अर्थात वेळापत्रक आधी मिळाले तर. लीग चालवण्याचा मूळ पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, २०२५-२६ चा हंगाम फेब्रुवारीपर्यंत लांबला. सामना कधी हेच माहीत नसताना हंगामाचा पास कोणाला विकायचा? त्याआधी साथीने दोन हंगाम खाल्ले होते. २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन्ही वर्षी अख्खी लीग गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर झाली, पण २०२२ चा अंतिम सामना सोडला तर प्रेक्षकांना फाटक बंद. त्याआधीच्याच हंगामात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी घडवलेल्या संघाने साखळीत पहिले येऊन शील्ड जिंकली होती, कोरोमिनासचे गोल लोकांच्या तोंडी होते. तापलेल्या तव्यावर पाणी पडावे तसे झाले. बापाचे बोट धरून यायला लागलेला दहा वर्षांचा पोरगा परत फाटके उघडली तेव्हा तेराचा झाला होता आणि त्याला त्याची स्वतःची दुसरी करमणूक सापडली होती. लोबेराही गेले, आणि त्यांच्यापाठोपाठ मुंबईला गेलेल्यांत मंदार राव देसाईही होता. उत्तर गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्या घरांत ज्याचे नाव आपले वाटे असा तो एक खेळाडू. पुढे लेनी रॉड्रिग्ज, ब्रँडन फर्नांडिसही क्लब सोडून गेले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे चालायचेच. पण गावच्या मैदानावर माणूस "अमक्याचा मुलगा खेळतोय" म्हणून जातो, हे ध्यानात घेतले तर प्रत्येक अशा बदलीला किती खुर्च्या जातात याचा हिशोब क्लबने मानधनाच्या हिशोबाशेजारी मांडायला हवा. ब्रायसन फर्नांडिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये आशियाई स्पर्धेत रोनाल्डोच्या अल-नस्र संघाविरुद्ध गोल केला. त्या सामन्याआधी सगळी चर्चा रोनाल्डो येणार की नाही याची होती. तो आला नाही. गोल गोव्याच्या पोराने केला. जाहिरात कोणाच्या चेहऱ्याची करायची याचे उत्तर त्यात होते.

मैदानात पोचल्यावर काय होते हेही कमी महत्त्वाचे नाही. समजा आठ हजार माणसे येणार. साडेसातच्या सामन्याला त्यातली साठ टक्के, म्हणजे ४,८०० शेवटच्या चाळीस मिनिटांत येतात, कारण सगळे कामावरून निघालेले. अंगझडती आणि मोबाइलवरचे तिकीट स्कॅन करणे मिळून माणशी आठ सेकंद धरा. एका रांगेतून तासाला ४५०, चाळीस मिनिटांत ३००. म्हणजे सोळा रांगा एका वेळी चालू हव्यात. बारा ठेवल्या तर बाराशे माणसे सामना सुरू झाल्यावरही बाहेर. इंग्लंडमधली मैदान-सुरक्षेची मार्गदर्शिका एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरते, तेही झडती न घेता. यात आणखी बिघाड होतात ते असे. हजारो मोबाइल एका टॉवरवर आले की तिकीटच उघडत नाही. एकाचे मिनिटभर अडले की मागचे सात जण थांबले. म्हणून तिकीट आदल्या दिवशीच मोबाइलात साठवून ठेवायचा संदेश पाठवायचा आणि प्रत्येक फाटकावर एक माणूस फक्त अडलेल्यांसाठी, रांगेबाहेर बसवायचा. महिला पोलीस दोनच असतील तर बाईची रांग लांबते आणि तिच्यासाठी अख्खे कुटुंब आत जाऊन घुटमळते. बाटली, हेल्मेट, बॅग आत नेता येणार नाही हे फाटकावर कळले की दुचाकीवरून आलेला माणूस परत पार्किंगला. हेल्मेट ठेवायला बिल्ला देणारी एक खोली, एवढाच तोडगा. मध्यंतर पंधरा मिनिटांचे असते. एका खिडकीवर गिऱ्हाइकाला अर्धा मिनिट लागला तर तीस जणांचे भागते. आठ हजारांतल्या दोन हजारांना काही खायचे असेल तर पासष्ट-सत्तर खिडक्या लागतील. तेवढ्या कुठे असतात? म्हणून बाहेरच्या रस-आमलेट आणि कटलेट-पावाच्या गाड्यांना आत जागा द्यावी. त्यांचा हात कंत्राटदाराच्या पोरापेक्षा चौपट चालतो आणि पदार्थही खाण्यासारखा असतो.

आणखी एक युक्ती जुनीच आहे. स्पेनमधल्या आयबार या सत्तावीस हजार वस्तीच्या गावाचा क्लब पहिल्या श्रेणीत खेळत होता तेव्हा त्याच्या मैदानात आठ हजारांच्या आसपासच जागा होती. भरलेले दिसायचे, कारण लहान होते. फातोर्ड्यावर एकदिवसीय क्रिकेटही होत असे, ६ एप्रिल २००१ च्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याला तर बनावट तिकिटांवर इतकी माणसे आली की प्रकरण वर्षानुवर्षे कोर्टात राहिले. आता रोजच्या लीग सामन्याला तेवढे मोठे तोंड उघडण्याची गरज नाही. आधी खालचे सज्जे विकावेत, कॅमेऱ्यासमोरचा सर्वांत आधी. तिथे ऐंशी टक्के गेल्याशिवाय वरचा उघडू नये. सहा हजार माणसे एकत्र बसली की आवाज होतो, तीच एकोणीस हजार खुर्च्यांत विखुरली की तेराव्याला आल्यासारखी दिसतात. आणि "जागा संपल्या" हे वाक्य एकदा खरे झाले की पुढच्या सामन्याचे तिकीट लोक आधी काढतात.

विक्रीचे तंत्र मात्र तियात्रवाल्यांकडून घ्यावे. गावातला एक कंत्राटदार प्रयोग घाऊक घेतो, तिकिटे स्वतः खपवतो, कारण नुकसान त्याचे असते. क्लबने गोव्यातल्या गावच्या फुटबॉल क्लबांना हेच द्यावे. पन्नास तिकिटांचा गठ्ठा, तीस टक्के सूट. पूर्ण किमतीला विकून मधला पैसा त्यांनी चेंडू-जाळ्यांना वापरावा. ज्या गावाने गठ्ठा घेतला त्या गावच्या बारा वर्षांखालच्या पोरांनी मध्यंतरात मैदानावर दहा मिनिटे खेळावे. वीस पोरे आत गेली की चाळीस आईबाप आणि आजोबा तिकीट काढून येतात, हा नियम बालनाट्यवाल्यांना केव्हाचा ठाऊक आहे. क्लबची संस्था मुलांच्या लीग भरवतेच, तेव्हा यादी तयार आहे. आणि उत्तरेत जायचे तर पत्रक मराठीतून हवे. "फोर्सा गोवा" (जोर लाव, गोवा) ही घोषणा छान आहे, पण सत्तरीत तिचा अर्थ विचारावा लागतो. गव्याचे मात्र सांगावे लागत नाही. क्लबच्या चिन्हावरचा गवा तिथल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, रात्री खरोखरच येऊन जातो.

गठ्ठ्याबरोबर बस. पेडणे-म्हापसा, वाळपई-साखळी-डिचोली, फोंडा, काणकोण, सांगे-केपे-कुडचडे, वास्को अशा सहा वाटा. एका बसमध्ये पंचेचाळीस. समजा लांबच्या वाटेला भाडे दहा हजार पडले, तर माणशी सव्वादोनशेच्या आत. निम्मे प्रवाशाने द्यावे, निम्मे क्लबने. वीस बसेस म्हणजे नऊशे माणसे आणि क्लबला सामन्यामागे लाखभर. बारा सामन्यांचे बारा लाख. आयएसएलमध्ये एका संघाच्या खेळाडूंच्या मानधनाची कमाल मर्यादा बरीच वर्षे साडेसोळा कोटी होती, त्यापुढे हे एका राखीव खेळाडूचे पैसे. बस सामना संपल्यावर वीस मिनिटांनी सुटेल, कोणी असो नसो, हे पहिल्या दिवसापासून पाळायचे. एकदा कोणासाठी तरी पाऊण तास थांबलात की पुढच्या वेळी बायकामुले येणार नाहीत.

सगळ्या वाटा एकदम सुरू करायची गरज नाही. पहिल्या दोन घरच्या सामन्यांना फक्त डिचोली आणि पेडणे, प्रत्येकी तीन बसेस, एक सामना रविवारी पाचचा आणि एक आठवड्याच्या मधला साडेसातचा. किती जागा विकल्या, किती माणसे खरोखर चढली, त्यात स्त्रिया किती, आणि दुसऱ्या सामन्याला पहिल्यातले कितीजण परत आले, एवढे चार आकडे वहीत मांडायचे. दोन्ही वेळा बसेस अर्ध्या रिकाम्या आल्या, तर आमचे म्हणणे चुकले आणि प्रेम आटले म्हणणारे बरोबर निघाले. खर्च साठ-एक हजार.